बरणीतलं आणि केकातलं

गुलाबाच्या आळ्यात कुसुमताईंनी काठी खुपसली तेव्हा अंड्याची टरफलं वर आली आणि त्यांच्यासोबत लिंबाच्या साली. दोन्ही एकाच जागी. काय ते कुसुमताईंना कळलं.

मुलासाठी, मनोहररावांसाठी, मागच्या ओसरीवरच्या स्टोव्हवर अंडी होत, तेवढं त्यांनी चालवून घेतलं होतं. पण त्या स्वतः माळकरी. तापातून उठल्यावर तोंडाला चव नव्हती, म्हणून सुनेने, प्रेमिलाने, लिंबाचं पिवळंधमक काहीतरी करून पोळीला लावून दिलं. ती धंतोलीच्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्या मेट्रनबाईंनी शिकवलेलं. लेमन कर्ड म्हणे. "तुमच्या बरणीत अंडं नाई, आई," असं देतानाच म्हणाली होती. न विचारता कोण एवढी ग्वाही देतं? कुठेतरी पाणी मुरतंय हे तेव्हाच वाटलं होतं, पण मेली जीभ ऐकेना. आठवडाभर त्या खात राहिल्या.

आता त्यांनी गळ्यातली तुळशीची माळ काढून देवघरातल्या खुंटीला अडकवली. नवरा गेला तेव्हाही ती उतरली नव्हती. प्रेमिलाने रिकामा गळा पाहिला.

"माळ तुटली का, आई?"

"नाई," एवढंच त्या म्हणाल्या आणि आपली पोळी आपण भाजून घ्यायला लागल्या. बरणी फळीवर तशीच राहिली.

रविवारी नातीचा वाढदिवस. प्रेमिलाने विजेच्या गोल ओव्हनमध्ये केक केला, मधे तेच पिवळं भरलं. अंड्याचा केक, म्हणून कापायचा ओसरीवरच. शेजारच्या शोभाताई तुकडा खाऊन खूश झाल्या.

"हे केकातच बरं वं, प्रेमिला," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी कुसुमताईच्या बरणीतलं पोळीले लावून पाह्यलं, तं पतंगाच्या खळीवानी चिकट."

"चिकट?" मनोहरराव हसले. "मी तं रोज ब्रेडले लावून खाऊन राहिलो. लोण्यावानी पसरते. केकात काहून वाया घालवता?"

"कायच्या काय बोलून राहिले तुम्ही," शोभाताई म्हणाल्या.

दोघंही हट्टाला पेटले. दारात बसलेल्या कुसुमताईंचे कान टवकारले. वस्तू एक, आणि एकाला खळ, दुसऱ्याला लोणी? संशय आला की त्याचा माग काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्या उठून सुनेजवळ गेल्या.

"तू दोन करते का वं?"

"हो. ह्यांचं इथं, अंड्याचं. तुमचं घरातल्या शेगडीवर, कॉर्नफ्लोअरचं. पातेलंबी वेगळं ठेवलं. चिकट होते थोडं, पण काय करता."

"मंग सांगितलं काहून नाई?"

"सांगितलं तं होतं, आई."

कुसुमताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत फळीवर बरणी होती; वरची साय वाळून तडकली होती. त्यांनी खुंटीवरची माळ काढली आणि परत येऊन सुनेपुढे धरली.

"तूच घाल वं."

प्रेमिलाने केकची सुरी खाली ठेवली. अंगणातल्या नळावर जाऊन तिने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. ती येईपर्यंत कुसुमताई मान वाकवून उभ्या राहिल्या.