तांड्याची सतरा कुत्री

त्या पत्राला रामराव मास्तरांनी उत्तर दिलं नव्हतं, याला महिना होत आला होता. वाशीमच्या जनावरांच्या डॉक्टरांनी ते पाठवलेलं. दर रविवारी बाजारात कुत्र्या-मांजरांना पिसाळरोगाची लस टोचू; आधी वर्दी नको, जनावर घेऊन सरळ यावं, दोन आणे पडतील. शेवटी एक विचारणा होती : 'तांड्यावर कुत्र्यांना एकेक मालक नसतो, असे ऐकतो. आमच्या वहीत मालकाचे नाव लागते. काय लिहावे, ते आपण जाणकार म्हणून कळवावे.'

'जाणकार' या शब्दाशीच मास्तर अडले. रिठद गावी पेन्शनीत आल्यापासून त्यांचा घरोबा पुस्तकांशी. शेजारच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावर ते दोनदा गेले असतील. आपण कोण सांगणारे? चार मसुदे केले, चारही फाडले.

मग शिवारात एक पिसाळलेलं कुत्रं मारलं गेलं आणि दवंडी फिरली : येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारी बिनटोचलेली कुत्री मारणार. रविवारी पहाटेच तांड्याचा नाईक हरिसिंग सतरा कुत्री दोरीला बांधून, माणसं घेऊन वाशीमला गेला. दिवस मावळता मावळता सगळे मास्तरांच्या ओट्याशी येऊन टेकले. कुत्री अंगणात जिभा काढून पडली.

"टोचलं?" मास्तरांनी चाचरत विचारलं.

"कायचं टोचते! कारकून म्हने, मालक कोन? म्या म्हनलं, तांडा. तो म्हने, तांडा अंगठा देते का?"

"तुमचंच नाव सांगायचं."

"कसं सांगू? हे कुत्रे घरोघरची भाकर खातेत. एकाचं नाव लागलं का बाकीचे म्हनतीन, तुहे कुत्रे तूच पोस."

म्हातारी जमनाबाई मांडीवरचं मांजरीचं पोतं थोपटत म्हणाली, "माह्या मांजरीले टोचलं बाप्पा. तिचं घर एकच. आता मरद कामाले गेले का तांड्याच्या वाटंवर मांजरच भुकन."

हरिसिंग म्हणाला, "डाक्तर मानूस भला आहे. म्हने, मास्तरले कागद धाडला, जवाब नाई आला. भेटला का तुमाले?"

मास्तरांनी चष्मा पुसला. पुसलेला पुन्हा पुसला.

"भेटला."

"मंग?"

"शब्द जुळेनात."

"सतरा जीव आहेत मास्तर," हरिसिंग इतकंच बोलला.

मास्तरांना स्वतःचाच संताप आला. एवढी पुस्तकं वाचली, आणि चार ओळी लिहिता आल्या नाहीत.

"माझं नाव लावलं तर?" ते एकदम म्हणाले. "मी तांड्यातला नाही. तांड्यात कोणी कोणाला 'तूच पोस' म्हणणार नाही, कुत्र्यांची भाकर अडणार नाही."

"कोनाले चावलं तं जबाब तुमाले द्या लागन."

"देईन."

"तुमी तं कुत्रं दिसलं का गल्ली बदलता," जमनाबाई म्हणाली.

"भितो मी," मास्तर म्हणाले आणि कागद घेतला.

या खेपेला मसुदा केला नाही. उशिराबद्दल माफी, सतरा कुत्री, मालक रामराव, येत्या रविवारी लस राखून ठेवावी. वाचून पाहिल्यावर एक वाक्य खटकलं, हात पुन्हा टाकाकडे गेला. हरिसिंगनं कागद हळूच ओढून घेतला आणि पाकिटात घालून पाकीट त्यांच्या हाती दिलं.

शाळेच्या भिंतीवरच्या टपालपेटीपर्यंत तो त्यांच्यासोबत चालला. मास्तरांनी स्वतःच पत्र आत टाकलं.