दोघांची सही

"दोघांची सही लागेल," काउंटरपलीकडची मुलगी पुन्हा म्हणाली.

"दोघांची म्हणजे?"

"तुमची, आणि खात्यावर दुसरं नाव आहे त्यांची. अथुमानी. तुमचे यजमान ना, बी?"

बी सोमोए, म्हणजे सोमोएबाई, हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. मुलीने शहाणपणाने पुढचा प्रश्न गिळला.

"बाकी काही अडचण नाही. पगार नव्या बँकेत जमा झाला, विम्याचा हप्ता तिकडे वळवला. एवढी एक सही आणा, खातं अगदी सुरळीत बंद होईल. त्यांना येता येत नसेल तर घरी जाऊन घ्या. हात चालत नसेल तर अंगठाही चालेल, फक्त त्यांच्या वस्तीच्या चेअरमनचा शिक्का हवा."

सोमोए तांगा शहरातल्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन. वर्षाच्या सुरुवातीला शाळेने सगळ्यांचे पगार दुसऱ्या बँकेत नेले. स्वयंपाकिणींनी, शिपायांनी, मास्तरांनी जुनी खाती एका दुपारी बंद करून टाकली. हिचं तेवढं अडलं, कारण हिने एकेकाळी नवऱ्यावर प्रेम केलं होतं. खातं उघडताना बँकेतल्या माणसाने विचारलं होतं, एकाची सही चालेल की दोघांची लागेल? "दोघांची!" अथुमानीने टेबलावर हात आपटला होता. "एकट्याने उधळायला नको." आणि दोघं खो खो हसले होते, कारण उधळ्या कोण ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढे तो संत्र्यांच्या व्यापारासाठी मुहेझाला जायला लागला, आणि एका हंगामात चौसिकू नावाच्या बाईशी निकाह लावून तिथेच राहिला. दोन्ही घरं सारखी सांभाळीन, असा निरोप आला. माणूस आला नाही. तलाकही दिला नाही. आता दोघांची नावं शेजारीशेजारी उरली होती ती फक्त त्या खात्यावर. ती तिथून निघाली की आपण सुटलो, असा सोमोएचा सरळ हिशेब होता.

राग म्हणाल तर तो कधीच विझला होता. दाताच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गालाचं जसं होतं, तसं तिचं झालं होतं. हात लावला तर कळायचं, दुखायचं नाही.

तिने फोन केला तर तो चौसिकूने उचलला. "ते येऊ शकत नाहीत. त्यांच्या अंगावरून वारं गेलंय. तुम्हीच या."

"सही मागितली की सगळ्यांच्याच अंगावरून वारं जातं," फोन ठेवून सोमोए स्वयंपाकिणीला म्हणाली.

सवतीच्या दारात जाताना कांगा विचार करून नेसावा लागतो. त्या कापडाच्या काठावर छापलेलं वाक्य आपल्या तोंडाआधी बोलतं. सोमोएने ट्रंक उपसून एक काढला: 'मी माझ्या ताटातलं जेवते, तुझं पोट का दुखतं?' तो नेसून ती मुहेझाच्या मिनीबसमध्ये, डालाडालात, बसली. वाटभर रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग होते. तिने घेतली नाहीत.

चौसिकू अंगणात बसून कसाव्याचे कंद सोलत होती. सोमोएने मनात रंगवलेली नटवी कुठेच दिसेना. समोर होती एक थकलेली, डोळ्यांखाली काळं आलेली बाई. सोमोएला पाहताच ती उठली, गुडघ्यात किंचित वाकली.

"शिकामो," ती म्हणाली.

धाकटीने मोठीला घातलेला नमस्कार. तो मिळालाच तर परत करायचा नाही, हे सोमोएने वर्षानुवर्षं घोकून ठेवलं होतं. पण जन्माची सवय जिभेवर बसलेली. "मारहबा," ती बोलूनच गेली, आणि मग जीभ चावावीशी वाटली.

चौसिकूने कांग्याचा काठ वाचला. सावकाश, शेवटपर्यंत.

"छान आहे. शहरात मिळाला?"

"हो," सोमोए म्हणाली.

ओसरीत दोरीच्या खाटेवर अथुमानी बसला होता. बाजारात हा ओरडला की तीन गल्ल्यांना ऐकू जायचं, तो माणूस. आता तोंड एका बाजूला ओघळलेलं, आणि उजवा हात मांडीवर, दुसऱ्या कुणाचा आणून ठेवावा तसा.

"सो... मो," तो म्हणाला.

म्हणजे वारं खरंच गेलं होतं. आपल्याला वाईट वाटायला हवं, असं सोमोएला वाटलं. ती थोडी थांबून पाहत राहिली. तसं काही आलं नाही.

तेवढ्यात चेअरमन किलिंदो आले. हा माणूस शिक्का उशाशी घेऊनच झोपत असावा, कारण निरोप पोचायच्या आत शिक्का आणि शाईची डबी घेऊन तो दारात हजर.

"चहा झाला का? नाही? मग शिक्का फिका उठेल हं!"

चौसिकूने मुकाट्याने चहा आणला. चेअरमनने दोन घोट घेतले, घसा साफ केला आणि कचेरीतला आवाज लावला. "अथुमानी, हा अंगठा तू राजीखुशीने देतोस ना?"

"घरी," अथुमानी म्हणाला.

"हो म्हणाला."

"हो नाही म्हणाला," सोमोएचा वसतिगृहातला आवाज लागला. "माणसाला विचारलंत तर उत्तरही त्याचंच घ्या."

"अहो, ते सगळ्यांना तेच म्हणतात," चौसिकू सोलत्या कसाव्यावरून मान वर न करता म्हणाली. "पाववाल्याला, डॉक्टरला. घरी चल, घरी चल. मी म्हणते, अहो, हेच तुमचं घर. तर नाही म्हणून मान हलवतात. आधी मला कळायचं नाही, कुठलं घर ते."

सोमोए खाटेच्या कडेला बसली आणि तिने कागद त्याच्यासमोर धरला.

"बँकेचं खातं, अथुमानी. आपलं. ते बंद करायचंय. कळतंय तुला?"

तो कागदाकडे बराच वेळ पाहत राहिला. मग डाव्या हाताचं बोट हळूहळू कागदावरून सरकवत एका रिकाम्या रेघेवर आणून थांबला. ती सोमोएच्या सहीची जागा होती.

"तुझी?"

"माझी मी बँकेत करीन. तू अंगठा दे."

त्याने हात मागे घेतला आणि मांडीखाली घातला.

"आजारी पडला, पण खोड गेली नाही!" चेअरमन म्हणाले.

"दो... घां... ची," अथुमानी म्हणाला. एवढं म्हणायला त्याला घाम फुटला.

चौसिकूची सुरी थांबली. सोमोएने पिशवीतून पेन काढलं आणि गुडघ्यावर कागद ठेवून सही केली, खातं उघडताना केली होती तशीच, शेवटच्या अक्षराला शेपूट काढून. मग त्याने हात आपणहून बाहेर काढला. तिने अंगठा शाईत बुडवला, कागदावर टेकवला, दाबला. चेअरमनने शिक्का हाणला.

"झालं?" अथुमानीने विचारलं.

"झालं."

"घरी?"

चेअरमनने उरलेला चहा एका घोटात संपवला आणि मशिदीत काम आहे असं काहीतरी पुटपुटत ते निघून गेले.

"ह्यांचा हिस्सा..." चौसिकू चाचरत म्हणाली. "औषधं फार महाग आहेत, बी."

"अर्धा. तुझ्या फोनवर पाठवते."

"पुरता अर्धा?"

"शुक्रवारचं मटण मी पोरींच्या ताटांत सारखं वाढते. आजवर एक पोरगी भांडलेली नाही. अर्धा म्हणजे अर्धा."

कागद पिशवीत गेला. हा कागद हातात आला की छातीवरचं काहीतरी उतरेल, असं सोमोएला इतके दिवस वाटत होतं. काही उतरलं नाही. काही चढलंही नाही. रस्त्यावर तांगाला जाणाऱ्या डालाडालाचा भोंगा वाजला आणि पोऱ्याने शहराचं नाव घेऊन आरोळी दिली.

"तुमची गाडी," चौसिकू म्हणाली. "ही गेली की पुढची उशिरा आहे."

सोमोए उठली. अथुमानी शाईचा अंगठा हवेत वर धरून बसला होता, कपड्याला लागू नये म्हणून.

"पाणी आण," सोमोए म्हणाली. "आणि साबण."

डालाडाला निघून गेल्याचा आवाज आला. सोमोएने तसराळं मांडीवर घेतलं, त्याचा हात पाण्यात धरला आणि अंगठा चोळायला लागली. पाणी निळं झालं. नखाच्या कडेची शाई निघेना, तेव्हा तिने आपल्या नखाने ती काढली. तो तिच्याकडे पाहत होता. ती त्याच्याकडे पाहत नव्हती.

चौसिकूने टॉवेल पुढे केला. सोमोएने तो घेतला नाही. तिने त्याचा उजवा हात मांडीवरून उचलला, मिटलेली बोटं एकेक करून उघडली, आणि शाईचा ठिपकाही नसलेला तो हात साबण लावून धुतला.