अंगणातली बादली
विष्णुपुरीकडच्या त्या वसाहतीत ड्रेनेजची लाइन अजून पोचली नव्हती. घरोघरी संडासाची टाकी होती, आणि तिच्यात काय जाऊ द्यायचं नाही हे आप्पासाहेबांइतकं कुणी सांगत नसे. पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेला माणूस. उरलेलं तेल, चहाचा चोथा, जुन्या गोळ्या, बाटलीभर ॲसिड, यातलं काही संडासात ओतताना कुणी दिसलं की ते ताटावरून उठत. "टाकीत जीव असतात," ते म्हणत. "मैला तेच खातात. ते मेले का टाकी भरलीच."

कचराही त्यांच्याच हाती होता. घंटागाडी यायच्या आधी ते अंगणात वर्तमानपत्र पसरून घरातली बादली पालथी करत, वर लेक अक्षरासोबत राहणाऱ्या भाडेकरू पंचशीला सिस्टरांचीही करत, ओला-सुका वेगळा करत. काही चुकलेलं दिसलं की मोठ्यानं विचारत, "ही पिशवी कुणाची?" गल्लीत त्यांचं कौतुक होतं.

टाकी गेल्याच वर्षी उपसली होती. त्यामुळे न्हाणीतून काळं पाणी उलटं वर आलं तेव्हा त्यांना आधी खरं वाटेना. टँकर आला, पाइप टाकीत सोडला, आणि तो लगेच तुंबला. टँकरवाल्या अमरेशनं आकड्यानं जे बाहेर ओढलं, ते भिंतीलगत टाकलं. फुगलेले, काळे, एकमेकांत गुंतलेले सॅनिटरी पॅड. ढीगच झाला.

शेजारचे रेणुकादास फाटकाशी चार माणसांत उभे होते. "आप्पा, तुमच्या टाकीत?"

आप्पासाहेबांचे कान तापले. तेवढ्यात पंचशीला सिस्टर जिना उतरत होत्या.

"सिस्टर, तुम्ही दवाखान्यात काम करता. तुम्हाला तरी कळायला पाहिजे होतं."

"माझे नाहीत ते, काका."

"मग काय माझे हायेत?" कुणीतरी हसलं. त्या हसण्यानं त्यांना बळ आलं. "ज्याला जशी सवय. दुसरीकडं खोली बघा आता."

सवय हा शब्द जातीपर्यंत जातो, हे फाटकातल्या प्रत्येकाला कळलं. पंचशीलांनाही कळलं.

"अक्षराची दहावी आहे, काका," एवढंच त्या म्हणाल्या आणि परत वर गेल्या.

आप्पासाहेब हात धुवायला आत आले, तर सून आरती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती खाली बघत होती.

"मामा, ते सिस्टरांचे नव्हते. माझे होते. ऋतुजाचेही."

ऋतुजा त्यांची नात. आप्पासाहेबांना नळ बंद करायचं सुचेना.

"टाकीत प्लास्टिक जिरत न्हाई, हे तुला माहीत न्हाई का?"

"माहीत आहे. तुम्हीच सांगितलंय."

"मग कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकायचं."

"गुंडाळी तुम्ही सोडून बघता, मामा. अंगणात. ऋतुजाची सोडली होती, 'हे कुणाचं' म्हणून विचारलंत. रेणुकादास काका समोरच होते."

त्यांना आठवलं. गुंडाळी अर्धी उघडून त्यांनी पुन्हा मिटली होती आणि आपण किती बेतानं घेतलं असं वाटून घेतलं होतं. चहा होईपर्यंत विसरलेही होते. त्यानंतर पोरगी सकाळची अंगणात यायची बंद झाली, हे मात्र त्यांना आत्ता जाणवलं.

"सिस्टर त्यांचे पर्समधून दवाखान्यात नेतात, तिथं जाळतात म्हणून," आरती म्हणाली. "तुमचेही द्या म्हणाल्या होत्या. मला लाज वाटली. आणि आत्ता तुम्ही त्यांना बोलत होतात, तेव्हाही मी दारामागंच उभी राहिले."

आप्पासाहेब जिना चढून गेले. दार उघडंच होतं. अक्षरा पुस्तकावर वाकली होती, तिनं मान वर केली नाही. पंचशीला युनिफॉर्मची घडी घालत होत्या.

"सिस्टर, माझं चुकलं. खोली सोडू नका."

पंचशीलांनी घडी पुरी केली. "तुम्ही फाटकात बोललात, काका. सगळ्यांसमोर. माफी मात्र इथं, वर?"

आप्पासाहेब खाली आले. टँकरचा पाइप गुंडाळणं चालू होतं, माणसं अजून पांगली नव्हती.

"काय आप्पा, घेताय ना खोली मोकळी करून?" रेणुकादासांनी विचारलं.

"न्हाई. ते आमच्याच घरातले होते. सिस्टरांचा काही संबंध न्हाई."

"तुमच्या घरातले? अहो, तुम्हीच तर गल्लीला शिकवता."

"माझ्यामुळंच झालं. मी चव्हाट्यावर बादली उलटी करून बसतो. घरातल्या बायांनी कुठं टाकावं?"

रेणुकादासांनी नजर दुसरीकडं वळवली. या वेळी कुणी हसलं नाही. संपलं, असं वाटून आप्पासाहेब घराकडं वळले, तर पंचशीला वर कठड्याशी उभ्या होत्या.

"आणि सवयीचं, काका?"

आप्पासाहेबांनी वर पाहिलं. "ते मी बोलायला नको होतं," ते म्हणाले.

आवाज त्यांच्या छातीच्या वर आलाच नाही.

"काय म्हणाले?" फाटकातून कुणीतरी विचारलं.

आप्पासाहेब पुन्हा गल्लीकडं तोंड करून उभे राहिले, आणि तेच वाक्य त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं.