बुटक्या बोरींचा समुदाय

लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी लक्षात आलं, की नव्या जिल्ह्याकडे स्वतःचा झुडपांचा नकाशा नाही. पाऊसही नव्हता, पण तो मागवता येत नव्हता. नकाशा मागवता येत होता.

आमच्या वाट्याला कवठाळीच्या तलावातलं बेट आलं. आम्ही म्हणजे कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे माणिकप्पा सर आणि त्यांची दोरी धरणारा मी, किराणा दुकानदाराचा मुलगा विरूपाक्ष. तलाव असा आटला होता, की बेटावर चालत जाता यायचं. तरी आदेशात 'बेट' असं लिहिलेलं असल्यामुळे सर रोज काठावर पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायचे, भेगाळलेल्या जमिनीवरून पलीकडे जायचे आणि तिथे परत खाली सोडायचे. मीही दुमडायचो. शिस्त म्हणजे शिस्त.

काम सोपं होतं. दोरीचा चौकोन टाकायचा, आत कुठली झुडपं, किती, केवढी उंच ते लिहायचं, पुढे सरकायचं. सारखे चौकोन एकत्र आले की तो एक समुदाय, आणि नकाशावर त्याला एक रंग. मुरमाच्या उतारावर तरवड, पिवळा. खडकात हेकळ आणि भराटी, तांबडा. काठाला घाणेरी, जांभळा. मधल्या पठारावर बोरी. पण कसल्या बोरी! वीतभर, गोल, वरून सपाट, न्हाव्यानं डोक्यावर वाटी ठेवून कापल्यासारख्या.

सर खालीच बसले. "विरूपाक्ष, हे कुठल्याच पुस्तकात नाही. बुटक्या बोरींचा समुदाय!"

त्याला हिरवा रंग मिळाला आणि शेराही मिळाला: दुर्मिळ, कुंपण घालावे, शेळ्यांना बंदी.

शेरा कोंडाबाईपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ती काठावरच्या भीमनगरातली, रोज शेळ्या घेऊन बेटावर यायची. आजूबाजूच्या शिवारात हिरवं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं. ते बंद झालं तर शेळ्या देगलूरच्या बाजारात, आणि दुष्काळात शेळी घेणारा एकटा खाटीकच असतो.

"साहेब, माझ्या शेळ्या ह्या झाडांना तोंड लावत न्हाईत," ती म्हणाली.

"अजिबात?"

"शपथ हाय."

"मग मावशी, त्या खातात काय?" मी विचारलं.

"खात न्हाईत. सवय झालीय त्यांना."

सरांना आनंद झाला. शेळ्या खात नाहीत, म्हणजे बोरी जन्मानंच बुटक्या. त्यांनी तिची साक्ष लिहून घेतली, सही घेतली आणि कुंपणाच्या शेऱ्याखाली दुसरी रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी पठाराच्या टोकाला निवडुंगाची जाळी लागली. तिच्या आत, मधोमध, एक बोर उभी होती. सरांपेक्षा उंच. माती तीच, न पडलेला पाऊसही तोच. सरांनी मातीची चिमूट चाखून पाहिली. तेवढ्यात एक शेळी मागच्या पायांवर उभी राहिली आणि जाळीबाहेर आलेली बोरीची फांदी तिनं बरोबर काठाशी तोडली. चावत चावत सरांकडे पाहत राहिली.

मला वाटलं, हिरवा रंग आता जाणार. पण सापडलेला समुदाय माणूस असा परत करत नाही. सर हेकळीच्या सावलीत जाऊन बसले आणि म्हणाले, "समुदाय आहेच. फक्त त्यात शेळीसुद्धा आहे. शेळ्या गेल्या तर बोरी वाढणार, बोरी वाढल्या तर समुदाय संपला. कुंपण रद्द करू. बोलाव तिला, तेवढी साक्ष बदलून दे म्हणावं."

कोंडाबाई आली.

"बाई, शेळ्या बोरी खातात असं म्हणा."

"न्हाई खात."

"अहो, म्हणा नुसतं."

"कामून? काल बंदी, आज खातात म्हणा? मला येडी समजता काय?"

मी तिला बाजूला घेतलं. "मावशी, खातात म्हटलं की कुंपण रद्द."

"आन् दंड?"

"दंड नाही."

"दुकानदाराचं पोरगं तू. तराजूवर बोट ठिवूनच बोलणार."

सरांनी पेनाचं टोपण काढलं. "मग मी कुंपण कायम करतो." ते खरंच लिहायला लागले.

"बरोबर आहे सर," मी मोठ्यानं म्हणालो. "असल्या मरतुकड्या शेळ्या काटेरी बोर काय खाणार? दात तरी असतील का त्यांना?"

"मरतुकड्या?" कोंडाबाई कमरेवर हात ठेवून वळली. "तुझ्या दुकानातल्या डाळीत किडे हायत, माझ्या शेळीत खोट न्हाई! ह्या समद्या पठाराची हजामत कुणी केली? तुझ्या बापानं? एक फांदी वर येऊ दिली न्हाई ह्यांनी!"

"फांदी... वर... येऊ दिली नाही," सर लिहीत होते. "इथे सही करा."

सही झाली. सरांनी नवा शेरा वाचून दाखवला: शेळ्या समुदायाचा भाग असल्याने त्यांनी बेटावरच राहावे.

"रातच्याला बी?"

"समुदाय म्हटल्यावर..."

"रातच्याला लांडगा येतो हितं. त्याला बी एक रंग द्या मंग."

सरांनी लांडग्याच्या रंगाचा थोडा वेळ खरोखर विचार केला. मग कुंचला हिरव्यात बुडवून पठारावरून खाली आणला. तो उतारावरून, आटलेल्या तलावातून, गाडीवाटेवरून भीमनगरात शिरला आणि कोंडाबाईच्या गोठ्याशी थांबला. शेजारी लिहिलं: समुदाय रात्री येथे असतो.

कोंडाबाईनं वाकून पाहिलं. "माझा गोठा हिरवा काढला? तिथं एक पान न्हाई."

"नकाशात आहे," सर म्हणाले.

तिनं पदर खोचला, शेळ्या पठारावर चढवल्या आणि खालून ओरडली, "नीट खावा गं बायांनो! सरकारी काम हाय."