गच्चीवरची पाठ

धाकटीचं लग्न एका पाठीवरून जुळलं होतं. ती पाठ आपलीच, याबद्दल तिला म्हातारपणापर्यंत तीळभर शंका नव्हती.

पाठ होती एका जुन्या रेकॉर्डच्या कव्हरवर. ठिपक्यांचा फ्रॉक घालून गच्चीवर चादर वाळत घालणारी मुलगी, तोंड पलीकडे. कुण्या फोटोवाल्याने समोरच्या इमारतीतून न विचारता टिपलेली. रेकॉर्ड गाजली. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्या एका तरुणाने ती विकत घेतली, कव्हरवरची पाण्याची टाकी ओळखून घर हुडकलं आणि धाकटीला मागणी घातली. "मी आधी तुझी पाठ पाहिली, तोंड मागाहून," असं तो जन्मभर सांगत राहिला. आता तो नव्हता. भिंतीवर त्याचा फोटो होता आणि शेजारी ते कव्हर.

एका दुपारी लेकीने फोनवर पॉडकास्ट लावला. "आई, ऐक. तुझ्या रेकॉर्डवर बोलतायत."

"कोण बोलतंय?"

"दोघं आहेत. जुन्या रेकॉर्डी काढून तो काळ कसा होता ते सांगतात."

"ते होते का तेव्हा?"

"जन्मलेसुद्धा नव्हते."

"मग रंगवून सांगतील. न पाहिलेल्या लग्नाचंच वर्णन रंगतं."

आणि त्यांनी रंगवलंही. पोरगा म्हणाला, ही मुलगी म्हणजे त्या पिढीची घुसमट. पोरगी म्हणाली, छे, हे तर बंड, तिने जगाकडे पाठ फिरवलीय.

"अगं बाई, चादरीला चिमटा लावतेय ती," धाकटी फोनला म्हणाली.

"आणि चिमटा बघ," पोरगी पुढे बोलली, "डाव्या हातात आहे. ही मुलगी डावखुरी होती."

धाकटीने मान वळवून भिंतीवरच्या कव्हरकडे पाहिलं. घरात डावखुरी एकच, थोरली बहीण. फ्रॉकची साक्ष काढावी तर तीही चालेना. दोघी बहिणींत धड फ्रॉक एकच होता. जिला चारचौघांत जायचं, तिच्या अंगात तो.

"फोटो कधी कधी उलटा छापतात," लेक म्हणाली. "डाव्याचं उजवं होतं."

"हा उलटा आहे का?"

"ते कसं कळणार? पण आई, मी त्यांना कळवून टाकलंय, ती मुलगी माझी आई म्हणून. रविवारी येतायत तुझ्याशी बोलायला."

"आधी विचारायचंस तरी!"

"काय विचारायचं? लहानपणापासून तेच ऐकतेय."

धाकटीने कव्हर भिंतीवरून उतरवलं. एकदा पाहिलं तर ती स्वतः दिसली. पुन्हा पाहिलं तर थोरली. तिसऱ्यांदा पाहिलं तर भलतीच कुणीतरी. शेवटी कव्हर काखेत मारून ती दोन गल्ल्या ओलांडून बहिणीकडे गेली. थोरली शिवणयंत्रापाशी बसली होती, डाव्या हातात कात्री.

"ताई, ही कोण?"

"तूच की. जन्मभर तूच होतीस, आज काय झालं?"

"हात बघ."

थोरलीने चष्मा चढवला. बराच वेळ पाहिलं. "हं."

"हं काय? तू होतीस का गच्चीवर?"

"रोज कुणीतरी असायचंच. कपडे काय आपले आपण दोरीवर चढायचे?"

"मस्करी नको गं. ह्यांनी कुणाला पाहिलं होतं?"

थोरलीने कात्री खाली ठेवली. "तुझा नवरा आला तेव्हा दार मी उघडलं. त्याने रेकॉर्ड पुढे केली. म्हणाला, ही मुलगी इथेच राहते का? मी म्हटलं, राहते. आणि तुला हाक मारली."

"मलाच का?"

"त्या दिवशी फ्रॉक तुझ्या अंगात होता."

"एवढ्यावरून?"

"मग कशावरून? मी माझी पाठ कधी पाहिलीय? तू पाहिलीस तुझी?"

धाकटी स्टुलावर टेकली. रागवावं की पाया पडावं, कळेना. "आणि ही तूच असलीस तर?"

"असेन. पण संसार तर तुझ्याशी केला ना त्याने? भांडायचा तेसुद्धा तुझ्या तोंडाला तोंड देऊन. पाठीशी कुणी भांडतं का?"

हे धाकटीला पटलं आणि नाहीही पटलं. "ऊठ," ती म्हणाली, "पाठ कर." थोरलीच्या वाकलेल्या पाठीला तिने कव्हर लावून पाहिलं. मग थोरलीने तिच्या पाठीला. काही उलगडा झाला नाही. दोन वाकलेल्या पाठी, एक सरळ.

रविवारी ती दोघं मायक्रोफोन घेऊन आली. धाकटीने हट्टाने थोरलीला शेजारी बसवून घेतलं होतं.

"तर कव्हरवरची मुलगी तुम्हीच ना, आजी?" पोरीने विचारलं.

लेक हसून वाट पाहत होती. धाकटीने भिंतीवरच्या नवऱ्याकडे पाहिलं. नाही म्हणावं तर तो खोटा पडत होता, हो म्हणावं तर ती स्वतः.

"ह्यांच्या मते मीच," ती म्हणाली.

"आणि तुमच्या मते?"

"मी समोरच्या इमारतीत नव्हते ना, बाळा."

पोरगा गोंधळून हसला. त्याने दुसरा प्रश्न काढला. "बरं, त्या क्षणी त्या मुलीच्या मनात काय चाललं असेल?"

"चादर संध्याकाळपर्यंत वाळते की नाही," दोघी बहिणी एकदम म्हणाल्या.

पोरांना हे फार आवडलं. लेकीनेही टाळी दिली. धाकटी मात्र वळून थोरलीकडे बघत राहिली. ही इतक्या पटकन कशी बोलली?