शेवटचा तुकडा

आयरीन हॉगनने केकच्या शेवटच्या तुकड्याचे सुरीने दोन भाग केले, एक बशीत घेतला आणि दुसरा ताटलीत तसाच ठेवला. तिच्यामागून क्लाइड व्हिटमर आला, त्याने उरलेल्याचेही दोन केले. ऑरेगनच्या या खोऱ्यात शेवटचा तुकडा कुणी उचलत नाही. चिमणीचा घास होईपर्यंत तो निम्मा-निम्मा होत राहतो.

आयरीन हॉलिसची नगराध्यक्ष, क्लाइड ओढ्यापलीकडच्या बर्चफोर्डचा. दोघांची ओळख शाळेपासूनची, तीही फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांच्या गावाला हिणवताना झालेली. आता भांडण हद्दवाढीचं होतं. गावाने कुठवर वाढायचं याची रेघ नकाशावर आखून द्यायची. रेघेच्या आत घरं, बाहेर शेती. दोन गावांच्या मधोमध सॅदरची हेझलनटची बाग, आणि दोघांनीही ती आपल्या रेघेत ओढलेली. रेघा एकमेकींवर चढल्या की जिल्हा दोन्ही नकाशे परत पाठवतो. तसे ते दोनदा परत आले होते, आणि घरं दोन्हीकडे रखडली होती. म्हातारा सॅदर म्हणे, "तुमचं ठरेपर्यंत मी आपला हेझलनट वेचतो."

आयरीनचा जीव त्या बागेत अडकला होता तो केरनसाठी. लेकीला हॉलिसच्या दवाखान्यात नर्सची नोकरी लागली होती, पण गावात घर मिळेना. दोन पोरांना घेऊन ती लांबच्या शहरात भाड्याने राहत होती. तरीही आयरीनने गेल्या आठवड्यात मन घट्ट केलं आणि बाग सोडली. बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात दाटीवाटीने का होईना, थोडी घरं होतील. तिथे गावातलेच लोक आधी रांगेत होते, केरनचा नंबर लागणं कठीणच.

आज दोघं नवे नकाशे घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत आले होते. तिथल्या अधिकारी जॉइस ओकाडाने दोन्ही पारदर्शक नकाशे खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अहो, बाग कुठाय? दोघांच्याही रेघेबाहेर?"

"तू सोडलीस?" क्लाइडने विचारलं.

"आणि तू?"

"म्हटलं, किती भांडायचं! जाऊ दे, घेऊ दे हिला."

तिघंही खो खो हसली. मग जॉइसने पेन्सिल पुढे केली.

"दुरुस्ती आजच होईल. नंतर वर्षानुवर्षं नाही. कोण घेतंय?"

पेन्सिल आयरीनच्या हाताशी होती. ‘आम्ही घेतो’ एवढं म्हटलं की केरनचं घर झालं असतं. तिने पेन्सिल क्लाइडकडे सरकवली.

"तू घे."

"छे, तूच घे."

"तुम्ही खोऱ्यातली माणसं म्हणजे ना!" जॉइसने कपाळावर हात मारला.

"मग राहू दे बाग बागेच्या जागी," आयरीन म्हणाली. "केरन राहील शहरातच."

क्लाइडने आपल्या नकाशावर ओढ्याकाठी बोट ठेवलं.

"ही आमची नवी घरं. भरपूर होणार आहेत. पूल ओलांडला की तुझा दवाखाना. केरनला सांग."

"माझी लेक बर्चफोर्डात?"

"का गं? आम्ही काय माणसं नाही?"

"अरे, माझी नातवंडं तुमची जर्सी घालून खेळतील!"

"खेळतील, आणि हॉलिसला धूळ चारतील. तू ये की बघायला. आमच्या बाजूला बसायचं मात्र."

जॉइसने हसू दाबायला कॉफीचा कप तोंडाला लावला. आयरीनने नकाशावरचा ओढा पाहिला. एवढीशी निळी रेघ होती ती.

ती उठून टेबलाशी गेली. ताटलीत केकचा इवलासा तुकडा उरला होता. तिने सुरी बाजूला ठेवली, तुकडा बोटांनी उचलला आणि अख्खा तोंडात टाकला.

"आयरीन!" क्लाइड जवळजवळ ओरडलाच.

"छान झालाय," ती बोटं चाटत म्हणाली. "घरं कधी सुरू करतोयस?"