ताऱ्यांची बटणं

मित्रांनो, मी एक जुना खाकी कोट आहे. सैन्याच्या शिवणखोलीत मला शिवलं, तेव्हा माझ्या पितळी बटणांवर तारे होते. त्यांचा मला भारी तोरा. वाटायचं, मला जो घालील तो सैनिक.

माझा पहिला मालक खरंच सैनिक होता. नवा कोट मिळाल्यावर त्याने मला धाकट्या भावाला देऊन टाकलं. धाकटा पाववाला. त्याच्या बायकोने माझ्या खांद्यावरच्या पट्ट्या उसवल्या, पण बटणं ठेवली. "एवढ्या मोठ्या काजांना दुसरी कुठून आणू?" ती म्हणाली.

पुढे युद्ध पेटलं आणि शत्रूचं सैन्य गावात शिरलं. पाव पोचवताना माझ्या मालकाला त्यांनी पकडलं, ते बटणांमुळेच. सैनिक ठरला तर युद्ध संपेपर्यंत कैद. सैनिक नसून लढला असं ठरलं तर खटला. तिकडे घरी बायकोचे दिवस भरत आलेले.

शाळेच्या एका वर्गात तीन अधिकारी चौकशीला बसले.

"साहेब, कोटच सांगतोय की," पकडून आणणारा शिपाई म्हणाला.

"मग कोटालाच बसव खुर्चीवर," पिकल्या मिशांचे साहेब म्हणाले. "शंका आहे तोवर यांना युद्धकैद्यासारखंच नीट वागवायचं. हत्यार सापडलं का रे?"

"नाही. पाव सापडले."

साहेब मालकाकडे वळले. "सैन्यात आहात?"

"भाऊ आहे. मी नाही."

"सैनिकांना पाव विकलेत?"

माझ्या बाह्या घामाने भिजल्या. "विकले साहेब. त्यांनाही भूक लागते."

"बघा, कबूल झाला," शिपाई म्हणाला.

"पाव विकणं म्हणजे लढणं नव्हे. हे साधे नागरिक आहेत, सोडा यांना." मग साहेब हळूच म्हणाले, "घरी सांगा, तेवढी बटणं बदला."

मी चक्रावलो. माणूस कोण, हे मी ठरवत नव्हतो तर!

थोरलाही पुढे पकडला गेला. त्याने हत्यार टाकल्यावर त्याच्यावर कोणी गोळी झाडली नाही. नुसता लढला म्हणून शिक्षाही झाली नाही. तो युद्धकैदी ठरला आणि युद्ध संपल्यावर परतला.

आज माझ्यावर पाच रंगांची बटणं आहेत आणि थंडीत मी पावाच्या पिठावर पांघरूण होऊन पडतो. माझं अस्तर उसवलंय, जमलं तर दोन टाके घाला. आणि कोणाचा कोट पाहून त्याच्यावर शिक्का मारावासा वाटला, तर आधी विचारा, बाबा, तू काय करत होतास?

मालक सुटून आला त्याच आठवड्यात त्याला मुलगी झाली. तिला पहिल्यांदा गुंडाळलं ते माझ्यातच. तिला मात्र कोणी सैनिक म्हणालं नाही.